उष्णतेला ओळखणारे स्फटिक



वैशाखातल्या भर दुपारी उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत एखादा खिशातला कॅल्क्युलेटर काचेजवळ राहून गेला, तर पुष्कळदा त्याची आकड्यांची चौकट पूर्णपणे काळी पडलेली आढळते. आकडे दिसेनासे होतात, कळ दाबूनही उपयोग होत नाही. यंत्र बिघडले असे समजून मालक ते बाजूला ठेवतो. आणि अर्ध्या तासाने सावलीत ते पूर्ववत चालू लागते. यात कोणताही भाग बिघडलेला नसतो आणि कोणताही भाग दुरुस्तही झालेला नसतो. त्या चौकटीत दोन काचांमध्ये कोंडलेला जो पातळ थर असतो, त्याने तेवढ्या वेळापुरती आपली अवस्था बदललेली असते, इतकेच.

हा थर द्रवस्फटिकाचा असतो. आजच्या व्याख्यानाचा विषय म्हणजे हा पदार्थ, त्याचे उष्णतेशी असलेले नाते, आणि बहुवारिकाशी, म्हणजे आपण ज्याला सर्वसाधारणपणे प्लॅस्टिक म्हणतो त्याच्याशी, त्याचे घडवून आणलेले मिश्रण. दृश्यपटल तयार करणाऱ्या तंत्रज्ञाच्या दृष्टीने उष्णता हा फार काळपर्यंत एक शत्रू होता. तिचा मित्र म्हणून उपयोग करता येईल हा विचार त्यालाच समांतर असा, काहीशा आडवाटेने, चालत आला. या दोन्ही वाटा आपल्याला पाहावयाच्या आहेत. कारण आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात राहणाऱ्यांना त्या दोहोंशीही कर्तव्य आहे.

या कथेचा आरंभ गाजरापासून होतो. प्राग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख रायनिट्झर हे वनस्पतींतील कोलेस्टेरॉलसदृश द्रव्यांचा अभ्यास करीत होते. १८८८ साली त्यांना असे दिसले की कोलेस्टेरिल बेंझोएट हे संयुग एकदा नव्हे तर दोनदा वितळते. १४५.५ अंश सेल्सियसला त्या घन पदार्थाचा द्रव झाला, पण तो द्रव ढगाळ होता. तापमान १७८.५ अंशांपर्यंत गेले तेव्हा तो एकाएकी निवळून स्वच्छ झाला. शिवाय थंड होताना त्यात निळसर-जांभळ्या रंगांची छटा उमटून नाहीशी होई. शुद्ध पदार्थाचा वितळबिंदू एकच असतो, हे त्या काळचे रसायनशास्त्र मानीत आले होते. तेव्हा एक तर पदार्थ अशुद्ध असला पाहिजे, नाहीतर शास्त्रात काही उणे असले पाहिजे. रायनिट्झर यांनी त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात आपले नमुने ओटो लेमान या भौतिकशास्त्रज्ञाकडे धाडले. लेमान यांनी एक विशेष सूक्ष्मदर्शक तयार केला होता. त्यात पदार्थ तापवीत तापवीत ध्रुवित प्रकाशात पाहता येई. त्यांना आढळले की हा ढगाळ द्रव वाहतो द्रवासारखा, परंतु प्रकाशाशी वागतो स्फटिकासारखा. १८८९ साली त्यांनी ‘वाहणारे स्फटिक’ या नावाने आपला शोध प्रसिद्ध केला.

नावातच विरोध असल्यामुळे या कल्पनेला पुष्कळांनी विरोध केला. हा निव्वळ एका द्रवात दुसऱ्या द्रवाचे बारीक थेंब विखुरल्याचा, दुधासारखा प्रकार आहे, असे आक्षेपकांचे म्हणणे होते. ते चुकीचे ठरले. परंतु हा आक्षेप आपण लक्षात ठेवू या. शंभर वर्षांनी नेमके तेच, म्हणजे द्रवस्फटिकाचे बारीक थेंब दुसऱ्या पदार्थात विखुरण्याचे काम, मुद्दाम करावयाचे होते.

द्रवस्फटिक म्हणजे काय, हे समजण्यास फारसे गणित लागत नाही. त्याचे रेणू बहुधा लांबट, काडीसारखे असतात. घन स्फटिकात प्रत्येक रेणूची जागाही ठरलेली असते आणि दिशाही. सामान्य द्रवात दोन्ही ठरलेल्या नसतात. द्रवस्फटिकात जागा सुटते, परंतु दिशा टिकून राहते. नदीच्या पुरात सोडलेले लाकडाचे ओंडके एकमेकांना ओलांडीत पुढे सरकत असतात, तरी त्या सर्वांची तोंडे साधारणतः प्रवाहाच्या दिशेला असतात, तसा हा प्रकार. ज्यात एवढीच शिस्त असते त्याला नेमॅटिक म्हणतात. ज्यात रेणू शिवाय थराथरांत रचलेले असतात त्याला स्मेक्टिक म्हणतात. आणि कोलेस्टेरिक प्रकारात रेणूंची दिशा एका पातळीतून पुढच्या पातळीत जाताना किंचित वळत जाते, गोल जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे. ही नावे १९२२ साली जॉर्ज फ्रीडेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने दिली.

ही शिस्त उष्णतेच्या कृपेवर अवलंबून असते. तापमान वाढले की रेणूंची चळवळ वाढते आणि दिशेची एकवाक्यता कमी कमी होत जाते. शेवटी एका ठराविक तापमानाला ती एकदम कोसळते आणि ढगाळ द्रव निवळतो. या तापमानाला आपण सोयीसाठी निवळबिंदू म्हणू. निवळबिंदूच्या वर हा पदार्थ पाण्यातेलासारखाच एक सामान्य द्रव होय. उन्हातल्या कॅल्क्युलेटरमध्ये घडते ते हेच. त्याच्या चौकटीत पुढेमागे दोन ध्रुवक पट्ट्या एकमेकींशी काटकोन करून बसविलेल्या असतात, त्यामुळे त्या प्रकाश अडवू पाहतात. मधला द्रवस्फटिकाचा पीळ प्रकाशाच्या कंपनाची दिशा नव्वद अंशांनी फिरवून त्याला वाट करून देतो. पीळ निवळला की वाट बंद; म्हणून काळोख.

आता पहिली वाट. १९६२ साली अमेरिकेतील आरसीए कंपनीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड विल्यम्स यांनी द्रवस्फटिकाच्या पातळ थरावर विद्युत् दाब दिला असता त्यात पट्टे उमटतात हे पाहिले. त्यांनी वापरलेला पदार्थ सुमारे ११८ ते १३५ अंशांच्या दरम्यानच द्रवस्फटिक असे. म्हणजे प्रयोग करावयाचा तर भट्टी पेटती ठेवूनच. पुढे जॉर्ज हाइलमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेहमीच्या तापमानाला चालतील अशी मिश्रणे शोधली आणि १९६८ च्या मे महिन्यात कंपनीने द्रवस्फटिकाचा दृश्यपटल वृत्तपत्रांपुढे ठेवला. दोन वर्षांनी, १९७० च्या अखेरीस, स्वित्झर्लंडमध्ये मार्टिन शाड्ट आणि वोल्फगांग हेल्फरिख यांनी आताच वर्णन केलेली पिळाची रचना बांधली. रचना उत्तम होती. परंतु तिच्यात भरावयास टिकाऊ पदार्थ नव्हता. उपलब्ध संयुगे हवेतल्या ओलाव्याने विघटन पावत.

हा पदार्थ इंग्लंडमध्ये मिळाला, आणि त्यामागे राज्यकर्त्यांची एक व्यावहारिक चिंता होती. रंगीत चित्रनलिकांसाठी परदेशी कंपनीला द्यावे लागणारे स्वामित्वधन ‘काँकॉर्ड’ विमानाच्या खर्चाहूनही भारी पडते आहे, अशी तक्रार १९६७ साली तेथील एका मंत्र्याने माल्व्हर्नच्या सरकारी रडार संशोधनसंस्थेत केली असे सांगतात. त्यातून सपाट दृश्यपटलांचे काम सुरू झाले, आणि हल विश्वविद्यालयातील जॉर्ज ग्रे यांना एक लहानसे कंत्राट मिळाले. ग्रे या विषयावर अनेक वर्षे, फारसे कोणाचे लक्ष नसताना, काम करीत आले होते. १९७२ साली त्यांच्या गटाने सायनोबायफेनिल वर्गातील संयुगे बनविली. ती पाण्याने किंवा उजेडाने बिघडत नव्हती. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध असलेले, ५-सीबी या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे संयुग सुमारे २४ ते ३५ अंशांमध्ये नेमॅटिक असते.

चोवीस ते पस्तीस! हलच्या हवेत हे आकडे उबदार वाटत असतील. नागपूर, बिकानेर किंवा विजयवाडा येथे असे घड्याळ मे महिन्यात सकाळी दहा वाजताच थांबल्यासारखे दिसेल. आणि लेहच्या हिवाळ्यात ते गोठून जाईल. शुद्ध पदार्थाने हे साधणार नव्हते. माल्व्हर्नच्या पीटर रेन्स यांनी कोणकोणती संयुगे कोणत्या प्रमाणात मिसळावीत याचे गणित मांडले, आणि ई-७ हे चार घटकांचे मिश्रण सिद्ध झाले. ते उणे दहा अंशांपासून सुमारे साठ अंशांपर्यंत नेमॅटिक राहते. मिठाने बर्फाचा वितळबिंदू उतरतो, त्याच तत्त्वाचा हा उपयोग होता. या एका बाटलीने द्रवस्फटिकाला प्रयोगशाळेतून बाजारात आणले असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. आज मोटारींच्या दर्शनी फळ्यांसाठी याहून पुष्कळ वरच्या निवळबिंदूची मिश्रणे वापरतात. तथापि उष्णतेशी चाललेली ओढाताण तेथेही संपलेली नाही. थंडीत द्रव घट्ट होऊन चित्र रेंगाळते, उन्हात शिस्त ढिली होऊन चित्र फिकटते. त्यामुळे तापमान पाहून विद्युत् दाब कमीजास्त करण्याची सोय मंडलात ठेवावी लागते.

या ठिकाणी आपल्या देशातील कार्याचा उल्लेख केला पाहिजे. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर यांनी १९७१ पासून द्रवस्फटिकांची प्रयोगशाळा उभारली. त्यांनी, बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांच्यासह, १९७७ साली ‘प्रमाण’ या भारतीय नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. काडीसारखे नव्हे तर चकतीसारखे असलेले रेणूही द्रवस्फटिक बनू शकतात, हे त्यात प्रथम दाखविले होते. गल्ल्यात नाणी एकावर एक रचावीत तसे ते रेणू स्तंभ रचतात. पुढे १९९०-नंतरच्या दशकात जपानमध्ये चकतीसारख्या रेणूंचे पातळ पटल दृश्यपटलावर बसविण्यात आले आणि बाजूने पाहिले असता चित्र बिघडण्याचा दोष त्याने पुष्कळ कमी झाला. विदेशी नियतकालिकाची वाट न पाहता असा शोध आपल्याच नियतकालिकात छापण्यात एक आत्मविश्वास होता, असे मला वाटते.

आता दुसरी वाट: जिच्यात उष्णता हेच सांगावयाचे वृत्त असते.

कोलेस्टेरिक द्रवस्फटिकाचा जिना आपण पाहिला. या जिन्याच्या एका पूर्ण फेऱ्याची उंची जेव्हा दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास येते, तेव्हा त्या उंचीला जुळणाराच रंग परावर्तित होतो आणि बाकीचे आरपार जातात. तापमान बदलले की फेऱ्याची उंची बदलते आणि रंगही बदलतो. बहुतेक मिश्रणांत उष्णतेने फेरा आखूड होतो. म्हणून तापविताना प्रथम तांबडा, मग हिरवा, मग निळा असा क्रम दिसतो. आपल्या मनात तांबडे म्हणजे तप्त आणि निळे म्हणजे शीत हे इतके रुजलेले आहे की नवशिक्याची येथे हटकून फसगत होते. कपाळावर ठेवून ताप पाहण्याच्या ज्या पट्ट्या मिळतात, त्यांत प्रत्येक आकड्याखाली वेगळे मिश्रण असते. ज्याचे तापमान जुळते तो आकडा उजळतो. मागची बाजू काळी असावी लागते, नाहीतर आरपार गेलेला प्रकाश परत येऊन रंग धुऊन टाकील.

१९६०-नंतरच्या दशकात वेस्टिंगहाऊस कंपनीतील जेम्स फर्गसन यांनी हे तंत्र पुढे आणले. यंत्राच्या तापणाऱ्या भागांवर, विद्युत् मंडलांवर, मनुष्याच्या त्वचेवर असा लेप देऊन उष्णतेचा नकाशा डोळ्यांनी पाहता येऊ लागला. वैद्यकात त्याविषयी फार मोठ्या आशा बाळगल्या गेल्या. स्तनातील कर्करोगाची गाठ भोवतालच्या भागापेक्षा उष्ण असते, तेव्हा रंगाने ती ओळखता येईल, असा तर्क होता. तर्क सरळ होता, पण शरीर तितके सरळ नाही. गाठ असूनही रंग न बदलणे आणि गाठ नसता बदलणे, दोन्ही घडू लागले. क्ष-किरण तपासणीची जागा या पद्धतीला घेता आली नाही. रंगीबेरंगी चित्र दिसले म्हणजे निदान झाले असे नव्हे, हे रुग्णाला आणि कधीकधी वैद्यालाही सांगावे लागते. आजही उष्णतेच्या चित्रांच्या जाहिराती होतात, म्हणून हे येथे स्पष्ट बोलतो.

या लेपांची एक अडचण होती. उघडा द्रवस्फटिक हवेने, धुळीने आणि उन्हातील अतिनील किरणांनी थोड्याच काळात खराब होतो. शिवाय तो चिकट असतो, बोटाला लागतो. येथे बहुवारिक मदतीला आला. कार्बनरहित प्रतिलिपी कागदासाठी शाईचे सूक्ष्म थेंब जिलेटिनच्या कवचात बंद करण्याची युक्ती अमेरिकेतील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीने शोधली होती. तीच द्रवस्फटिकाला लावण्यात आली. हे सूक्ष्म कोष बंधक द्रव्यात मिसळले की त्यांची शाई होते आणि ती छापता येते. तुमच्या हातातील तापाची पट्टी म्हणजे खरोखर असे छापील कामच होय. द्रवस्फटिक आणि बहुवारिक यांचे हे पहिले व्यवहारोपयोगी संमिश्र.

पट्टीवरील रंग तापमान उतरले की परत जातो, हेही ध्यानात ठेवावे. लसीच्या कुप्यांवर जो गडद होत जाणारा चौकोन असतो त्याचे तत्त्व निराळे आहे. तेथे उष्णतेने रासायनिक क्रिया घडते आणि ती मागे फिरत नाही. द्रवस्फटिक ‘आता किती तापले आहे’ हे सांगतो. तो चौकोन ‘आजवर किती सोसले’ हे सांगतो. एकाचे काम दुसऱ्याकडून होणार नाही.

संमिश्रांचा खरा विस्तार १९८०-नंतर झाला, आणि त्यामागचे भौतिकशास्त्र आपल्या घरातलेच आहे. भज्याचा कागद आठवा. कागदाचे तंतू पारदर्शक असतात, त्यांमधली हवाही पारदर्शक असते; तरी कागद पांढरा दिसतो. कारण तंतू आणि हवा यांचे प्रणमनांक भिन्न आहेत आणि त्यांच्या असंख्य सीमांवर प्रकाश इकडेतिकडे विखुरतो. हवेच्या जागी तेल शिरले की प्रणमनांकांतील फरक घटतो आणि डाग पडलेल्या जागी कागद अर्धपारदर्शक होतो. म्हणजे पांढरेपण हा पदार्थाचा रंग नसून दोन पदार्थांमधील मतभेद आहे, आणि तो मिटविता आला तर पारदर्शकता आणता येते. आता तेलाच्या जागी असा द्रव घ्या की ज्याचा प्रणमनांक आपल्या इच्छेनुसार बदलतो. द्रवस्फटिक तसाच आहे. रेणूंच्या लांबीच्या दिशेने कंप पावणाऱ्या प्रकाशाला ई-७ मिश्रणाचा प्रणमनांक सुमारे १.७५ असतो, आडव्या दिशेने सुमारे १.५२.

१९८२ साली बेल प्रयोगशाळेतील क्रेगहेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सच्छिद्र बहुवारिकात द्रवस्फटिक भरून ही कल्पना पडताळून पाहिली. फर्गसन यांनी कोषांच्या मार्गाने आणि ओहायोमधील केंट येथे विल्यम डोन यांच्या गटाने १९८६ च्या सुमारास आणखी सोप्या मार्गाने ती सिद्धीस नेली. डोन यांची रीत अशी: द्रवस्फटिक आणि बहुवारिक होऊ घातलेले द्रव्य ही दोन्ही एकजीव करावयाची, आणि मग उष्णतेने वा अतिनील किरणांनी ते द्रव्य घट्ट होऊ द्यावयाचे. घट्ट होता होता ते द्रवस्फटिकाला आपल्यातून बाहेर लोटते आणि त्याचे एखाद्या मायक्रॉनच्या आकाराचे असंख्य थेंब जागच्या जागी अडकून बसतात. उष्णतेने मऊ होणारे बहुवारिक वितळवून, मिसळून, नुसते थंड करूनही हे साधते. तेव्हा थेंबांचा आकार थंड होण्याच्या वेगावर ठरतो. तूप कढवून सावकाश निवू दिले तर ते रवाळ होते, चटकन गार केले तर गुळगुळीत, हे आपल्या गृहिणींना शिकविण्याची गरज नाही. येथेही सावकाश थंड केल्यास थेंब मोठे, घाईने केल्यास लहान.

अशा पटलात प्रत्येक थेंबातील रेणूंची दिशा वेगळी, म्हणून पटल दुधासारखे. त्यावर काही दशक व्होल्टचा दाब दिला की सर्व रेणू पटलाला काटकोनात उभे राहतात, समोरून येणाऱ्या प्रकाशाला १.५२ हाच प्रणमनांक दिसतो, आणि बहुवारिकाचाही तेवढाच निवडला असेल तर पटल काचेसारखे स्वच्छ होते. ध्रुवक पट्ट्या लागत नाहीत. आणि त्या पट्ट्या निम्म्याहून अधिक प्रकाश खाऊन टाकतात हे लक्षात घेतले म्हणजे या लाभाचे मोल कळते. कार्यालयांत आणि रुग्णालयांत कळ दाबताच स्वच्छ होणाऱ्या दुधी काचा याच जातीच्या. त्यांचा दोषही सांगावा: तिरके पाहिले तर त्या धुरकट दिसतात, आणि स्वच्छ राहण्यासाठी त्यांना सतत वीज द्यावी लागते.

विजेऐवजी उष्णता दिली तर काय होईल? निवळबिंदूच्या वर ई-७ ला एकच प्रणमनांक उरतो, आणि तो वरील दोहोंच्या मधला, सुमारे १.६० असतो. बहुवारिकाचा प्रणमनांक १.५२ असेल तर पटलाचा दुधीपणा उष्णतेने कमी होईल, पण पूर्ण जाणार नाही. तोच १.६० चा बहुवारिक निवडला तर पटल ठराविक तापमानाला एकाएकी पारदर्शक होईल. म्हणजे पटल कोणाची आज्ञा पाळणार, विजेची की उष्णतेची, हे द्रवस्फटिकाने नव्हे तर त्याच्या सोबत्याने ठरविले. मला या साऱ्या विषयात हा मुद्दा सर्वांत मोहक वाटतो. पटलाच्या मागे एखादे चिन्ह वा सूचना छापून ठेवली, तर यंत्र मर्यादेबाहेर तापताच ती आपोआप दिसू लागेल. बॅटरी नको, तार नको.

उष्णतेने लिहिण्याचेही प्रयोग झाले. १९७३ साली बेल प्रयोगशाळेतील कान यांनी स्मेक्टिक थरावर अवरक्त लेसरची शलाका फिरविली. शलाकेखालचा बिंदू क्षणभर निवळे आणि लगेच थंड होताना त्याचे थर अस्ताव्यस्त गोठत; त्यामुळे तो धुरकट राही. असे बिंदू जोडून चित्र निघे आणि वीज बंद केली तरी टिके. विद्युत् क्षेत्र देऊन ते पुसता येई. पण द्रव तो द्रवच. कायम स्मरणासाठी द्रवस्फटिकच बहुवारिकाला साखळीने बांधावा अशी कल्पना पुढे आली. काडीसारखे रेणू साखळीला थेट जोडले तर साखळीच्या वेड्यावाकड्या हालचालीने त्यांची शिस्त मोडते. १९७८ साली जर्मनीत फिंकेलमान आणि रिंग्सडोर्फ यांनी मध्ये एक लवचीक दुवा घातला. खुंट्याला जखडलेली गाय वळू शकत नाही. दावे पुरेसे लांब असले की ती बांधलेलीही राहते आणि हवी त्या दिशेला तोंडही करते. असा पदार्थ तापविला की रेणू वळतात, आणि थंड केला की काचेसारखा घट्ट होऊन ती रचना जपून ठेवतो. मॉस्कोतील शिबायेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये त्यावर लेसरच्या उष्णतेने लेखन करून दाखविले. व्यापारात मात्र या तंत्राला चुंबकीय आणि प्रकाशीय तबकड्यांपुढे टिकाव धरता आला नाही.

स्मरण राखणाऱ्या संमिश्राचे एक साधे रूप मात्र आज आपल्याकडे घरोघरी आहे. मुले नखाने किंवा काडीने लिहितात आणि एक कळ दाबून पुसतात ती काळी पाटी बहुधा कोलेस्टेरिक आणि बहुवारिक यांच्या मिश्रणाची असते. दाबाने द्रव सरकून जिने सरळ उभे होतात आणि हिरवा वा निळा रंग परावर्तित करतात. कळीने दिलेला विजेचा झटका त्यांना विस्कटतो आणि मागचा काळा रंग दिसतो. लिहिलेले टिकण्यास वीज लागत नाही. पाटी कडक उन्हात इतकी तापली की निवळबिंदू ओलांडला गेला, तर कळ न दाबताच धडा पुसला जातो.

शेवटी, ज्या उपयोगाकडे उष्ण देशांचे डोळे लागले आहेत तो: खिडकी. दुपारी आपोआप दुधी होणारी आणि संध्याकाळी आपोआप स्वच्छ होणारी काच. वर सांगितलेले पटल येथे उलटे वागेल, कारण ते तापल्यावर स्वच्छ होते. म्हणून निराळी युक्ती केली जाते. थंड असता स्मेक्टिक आणि तापल्यावर कोलेस्टेरिक होणारे मिश्रण घ्यावयाचे. स्मेक्टिक अवस्थेत रेणू काचेला काटकोनात उभे असताना अतिनील किरणांनी त्यात बहुवारिकाचे विरळ जाळे विणावयाचे. थंड अवस्थेत काच स्वच्छ असते. तापली की रेणू जिने रचू पाहतात, परंतु ते जिने सर्व दिशांना तिरपे पडतात आणि काच दुधी होते. निवाली की जाळे रेणूंना त्यांची मूळ जागा दाखविते. मिश्रणाचे प्रमाण बदलून हे संक्रमण तीस-पस्तीस अंशांच्या आसपास आणता येते. याउलट व्हॅनेडियम डायऑक्साइड हे या कामी प्रसिद्ध असलेले द्रव्य शुद्ध स्थितीत ६८ अंशांना बदलते, आणि भिंतीतली खिडकी तितकी क्वचितच तापते.

परंतु दुधी काच म्हणजे थंड काच नव्हे. विखुरलेला प्रकाश बहुतांशी पुढेच, म्हणजे खोलीतच, येतो. डोळ्यांवरची तिरीप जाते, पण उष्णतेचा मोठा भाग आत शिरतोच. मागे फिरणारा वाटा वाढावा म्हणून थर जाड करावा लागतो, आणि जाड थर थंडीतही पुरता स्वच्छ राहत नाही. वीज वाचल्याचे आकडे कोणी सांगितले तर त्यांना प्रथम हे विचारावे की प्रकाश किती अडला हे मोजले की किती परत गेला हे मोजले. शिवाय घट्ट न झालेले द्रव्य थेंबांत विरघळून राहिले तर निवळबिंदू उतरतो, आणि वर्षानुवर्षे उन्हातील अतिनील किरण खाऊन बहुवारिक पिवळे पडते. तापताना ज्या अंशाला काच बदलते त्याच अंशाला निवताना ती परतत नाही, काही अंश मागे रेंगाळते. जोधपूरच्या गच्चीवर पाच उन्हाळे काढल्याशिवाय अशा काचेविषयी मी तरी ग्वाही देणार नाही. प्रयोगशाळेतील दिव्याखाली काढलेले पाचशे तास हे त्याच्या बरोबरीचे मानू नयेत.

अध्यक्षांनी प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवला आहे. टेबलावर दोन नमुने मांडले आहेत. एक कोलेस्टेरिक पट्टी आहे; तिची काळी बाजू खाली ठेवून वर बोट टेकवा आणि रंग कोणत्या क्रमाने येतात ते स्वतः पाहा. दुसरे दुधी पटल आहे. त्याच्यासाठी गरम पाण्याचा पेला शेजारीच ठेवला आहे. पेला पटलावर ठेवून नुसते वरून पाहू नका, जरा वाकून तिरकेही पाहा.